आघाडा

पावसाळा सरत आला, की वाशिमकडच्या पांदणीतून चालणारा मनुष्य सहसा एकटा घरी परतत नाही. धोतराच्या सोग्याला, लुगड्याच्या काठाला, शाळकरी मुलांच्या मोज्यांना बारीक, टोकदार, भुरकट दाणे चिकटतात आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत येतात. झटकून ते पडत नाहीत. एकेक करून उपटावे लागतात. हे दाणे आघाड्याचे.

आघाडा कोणी पेरीत नाही. शेताच्या धुऱ्यावर, पडक्या भिंतीच्या कडेला, पैनगंगा, अडाण व अरुणावती या नद्यांच्या काठी तो आपला आपण उगवतो. शेतकरी त्याला तण समजून कापून टाकतो. परंतु श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला दूर्वा व आघाडा यांची माळ घालावयाची असते, गणेशचतुर्थीच्या पत्रीत त्याचे पान लागते आणि ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासण्याची रीत आहे. एरवी ज्याच्यावर विळा चालतो, त्यालाच या दिवसांत लोक शोधीत फिरतात.

आता हे झाड नीट न्याहाळून पाहू. झाड म्हणावयाचे ते केवळ बोलण्याच्या सोयीसाठी. आघाडा धड ओषधी नव्हे आणि धड झुडूपही नव्हे. त्याची उंची बहुधा कमरेपर्यंत असते. वरचा भाग हिरवा व कोवळा असतो, परंतु बुंध्याशी तो लाकूड धरतो. खोडावर उभ्या कंगोऱ्यांच्या रेषा असतात, पेरे फुगीर असतात आणि प्रत्येक पेऱ्यावर समोरासमोर दोन पाने येतात. पानांवर मऊ लव असते. फांदीच्या शेंड्यावर एक लांब, ताठ तुरा निघतो. खरी गंमत आहे ती या तुऱ्यात.

तुऱ्याच्या अगदी टोकाला असलेल्या कळ्या वर तोंड करून असतात. थोड्या खालची उमललेली फुले आडवी झालेली असतात. त्याहून खालची, फळ धरू लागलेली फुले पूर्णपणे खाली वळून दांड्याला चिकटलेली दिसतात. अशा रीतीने एकाच तुऱ्यावर फुलाचे सारे आयुष्य क्रमाने मांडलेले असते. फूल हिरवट व लहान असते. त्याला बहुधा पाच पाकळ्यांसारखी परिदले व पाच पुंकेसर असतात. फुलाच्या दोन बाजूंना दोन छोटी छदे, म्हणजे फुलाजवळची पानांसारखी अंगे, असतात. या दोन छदांची टोके काट्यासारखी कडक व अणकुचीदार असतात. फूल खाली वळले, की हे काटेही खाली वळतात. तुऱ्यावरून वरून खाली बोट फिरवा. ते सहज घसरेल. मग तेच बोट खालून वर न्या. दाणे टोचतील आणि काही बोटाला लागून निघूनही येतील.

बी तयार झाले, की फुलाचा देठ सहज तुटतो. फळ एकटे सुटत नाही. मिटलेली परिदले, दोन काटे आणि आत एकच बी, असे सगळे गाठोडे मिळून सुटते. जवळून जाणाऱ्या गाईच्या किंवा शेळीच्या अंगाला, कारंजा-सोहोळच्या माळावर कदाचित काळविटाच्या केसांनाही ते अडकते आणि प्रवासाला निघते. आघाड्याला पाय नाहीत. म्हणून तो दुसऱ्याचे पाय वापरतो!

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट फार बारकाईने पाहिली होती. संस्कृतात आघाड्याला अपामार्ग म्हणतात. हे नाव अथर्ववेदातही येते. परंतु जुन्या वैद्यांनी त्याला दिलेली इतर नावे पाहा. अधःशल्य म्हणजे ज्याचे काटे खाली वळलेले आहेत तो. खरमंजरी म्हणजे खरखरीत तुऱ्याची. दुर्ग्रहा म्हणजे धरावयास अवघड. ही नावे नव्हेत, ही निरीक्षणाची टिपणेच होत. पुढे स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली या वनस्पतीला अकिरँथस ॲस्पेरा असे नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘भुशासारखे फूल’ आणि दुसऱ्याचा ‘खरखरीत’. लिनीअस व आपले वैद्य एकमेकांपासून किती दूर! परंतु दोघांच्या बोटांना एकच गोष्ट जाणवली.

दुसऱ्याच्या पायांनी चालणारे हे झाड फार दूर गेले आहे. आशिया व आफ्रिका खंडांच्या उष्ण प्रदेशांत ते सर्वत्र आढळते. अमेरिकेत आणि पॅसिफिक महासागरातील बेटांवरही ते पोहोचले आहे. हिमालयात सुमारे २,००० मीटर उंचीपर्यंत ते चढते. त्याहून फार वरची थंडी त्याला मानवत नाही.

त्याचे काही भाऊबंद मात्र आणखी वर गेले आहेत. माठ व राजगिरा ही आघाडा कुलातली. चाकवत, पालक व बीट यांचे कुल पूर्वी वेगळे मानीत; आता अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही कुले एकच समजतात. याच मोठ्या गोतावळ्यातले क्राशेनिनिकोव्हिया नावाचे एक ठेंगणे झुडूप लडाखच्या कोरड्या पठारांवर ४,००० मीटरहून अधिक उंचीवर वाढते. (नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण झुडूप काटक आहे.) त्याचाही बुंधा लाकडी असतो, आणि थंडीवाऱ्यापासून बचाव करणारी पांढरी लोकर त्याने अंगभर पांघरलेली असते. मेंढ्या ते चरतात, आणि जळणासाठी माणसे ते उपटतात.

या गोतावळ्यातील कित्येक वनस्पतींना खाऱ्या जमिनीची भीती वाटत नाही. कोकणात खाडीकाठच्या चिखलात वाढणारी मोरस ही त्यांतलीच. पंजाब व सिंधकडील ओसाड खाऱ्या जमिनीतल्या अशा वनस्पती जाळून पूर्वी सज्जीखार काढीत. पापडात खार घालतात तो तुम्ही पाहिला असेल. सज्जीखार त्याच जातीचा.

आघाडा खाऱ्या जमिनीत राहणारा नाही, पण जमिनीतील पोटॅशचे क्षार तो आपल्या अंगात भरपूर साठवितो. वैद्य पिकलेला आघाडा मुळासकट उपटून वाळवितात, जाळतात, त्याची राख सुमारे सहापट पाण्यात कालवून ते पाणी गाळतात आणि आटवितात. भांड्याच्या तळाशी जो क्षार उरतो, तोच अपामार्गक्षार. तो इतका तीव्र असतो, की त्याला उगाच हात लावू नये, कातडी पोळते. तीच राख पाण्यात कालवली, की पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. साबण मिळत नसे त्या काळी धोबी अशा राखेने कपडे धूत असत. त्या कपड्यांना चिकटलेले आघाड्याचे दाणे मात्र त्यांनाही हातानेच काढावे लागत.