शब्दावाचून अडणारा खेळ

स्पीच थेरपीच्या खोलीत पहिल्यांदा डोकावणाऱ्या पालकांचा बरेचदा हिरमोड होतो. औषध, यंत्र, निदान घोकून घेणं तरी असेल अशी अपेक्षा असते आणि समोर दिसतात भातुकलीची भांडी, चुरमुऱ्यांचा डबा, चार खेळण्यातल्या गाड्या. हे तर घरीही चालतं, मग इथे यायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर खेळाच्या मांडणीत आहे. खेळ किती रंजक आहे यावर उपचाराचा कस लागत नाही. त्या खेळात मुलाचं शब्दावाचून अडतं का, यावर लागतो.

पाच वर्षांचं एक मूल ‘क’च्या जागी ‘त’ म्हणतं असं धरू. काकाचा ताता होतो आणि घरच्यांना ते गोडही वाटतं. ‘क म्हण, क म्हण’ असा धोशा लावला की मूल एक तर गप्प होतं किंवा तेवढ्यापुरतं म्हणून पुन्हा मूळपदावर येतं, कारण आपल्या उच्चाराने काही बिघडतं हे त्याला जाणवलेलंच नसतं. थेरपिस्ट टेबलावर दोन वस्तू ठेवतात, एक छोटी कार आणि एक तारेचा तुकडा. मूल कारकडे पाहत ‘तार’ मागतं आणि त्याच्या हातात तारच पडते. ना रागावणं, ना दुरुस्ती. मूल गोंधळतं, पुन्हा मागतं, पुन्हा तारच मिळते. एका उच्चाराने वस्तू बदलते हे तिथे त्याला कळतं. मग जिभेचं टोक खाली राहू दे, मागचा भाग वर उचल, ही सूचना त्याला हवीशी होते. अमेरिकेतले फ्रेडरिक वायनर यांनी 1981 साली दोन लहान मुलांवर हीच रीत वापरून तिचे परिणाम मांडले. मराठीत अशा जोड्यांना तोटा नाही: कार-तार, काठ-ताठ, गार-दार. मात्र र आणि ळ मुलांच्या तोंडी उशिरा बसतात, त्यांच्यासाठी इतक्या लवकर घाई करू नये.

उच्चारापेक्षा वाक्याची अडचण खोल असते आणि ती लवकर लक्षातही येत नाही. मराठी मुलाला तीन लिंगं सांभाळायची असतात, शिवाय प्रत्यय लागताच शब्दाचं रूप पालटतं: घोडा, पण घोड्यावर, पातेलं, पण पातेल्यात. भेळ करायला बसवलं की हे सगळं हाताशी येतं. चुरमुरे पातेल्यात, शेव चुरमुऱ्यांवर, चटणी सगळ्यात शेवटी. थेरपिस्ट मुद्दाम झाकण घट्ट लावलेला डबा देतात, चमचा द्यायला ‘विसरतात’ आणि थांबतात. हे थांबणं या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, कारण मूल अडलं की मोठ्यांच्या तोंडून शब्द आधीच निसटतो. मूल ‘वाटी पडला’ म्हणालं तर ‘चूक’ म्हणायचं नाही. ‘हो, वाटी पडली, खाली पडली’ असं सहज म्हणून योग्य रूप त्याच्या कानावर घालायचं. ऐकून समजण्यासाठी आपला ‘चिमणी उड, म्हैस उड’ हा जुना खेळ अजूनही उत्तम आहे. साहित्य महागडं लागत नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्याच वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं होतं.

शब्दावाचून अडतं का, या कसोटीवर काही लोकप्रिय उपक्रम मात्र टिकत नाहीत. मेणबत्तीवर फुंकर, शिट्टी, जिभेची कवायत यांनी तोंडाचे स्नायू बळकट होऊन उच्चार सुधारतात ही समजूत फार पसरली आहे. अमेरिकी तज्ज्ञ ग्रेगरी लॉफ यांनी तिच्यावर सविस्तर टीका केली, आणि उपलब्ध संशोधन एकत्र पारखणाऱ्या 2015 च्या कॉक्रेन आढाव्यातही या व्यायामांच्या बाजूने पुरेसा पुरावा मिळाला नाही. फुंकरीत शब्दच नाही, मग शब्द सुधारणार कसा? साबणाचे फुगे जरूर आणावेत, पण ‘अजून’, ‘मोठा’, ‘फोड’ म्हटल्यावर ते उडावेत यासाठी.

‘बोलेल हळूहळू, याचे वडीलही उशिरा बोलले’ हा आक्षेप पूर्ण खोटा नाही. दोन-अडीच वर्षांची कित्येक मुलं आपापली सावरतात. पण पहिलीत आल्यावरही वाक्य जुळत नसेल तर ती अडचण सहसा आपोआप जात नाही आणि वाचनातही आडवी येते. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुसरं ज्ञात कारण नसलेला भाषाविकार सुमारे साडेसात टक्के मुलांत आढळला, म्हणजे तीसच्या वर्गात दोघं. घरातली मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, हा सल्लाही निराधार आहे. दोन भाषांमुळे भाषाविकार होत नाही.

उरतो मनुष्यबळाचा आक्षेप, आणि तो खरा आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून या क्षेत्रातले तज्ज्ञ घडवते आहे, तरी प्रत्येक शाळेला एक थेरपिस्ट मिळेल अशी स्थिती नाही. पण 2003 च्या कॉक्रेन आढाव्यात उच्चार आणि शब्दसंग्रहाच्या अडचणींवर थेरपीचा उपयोग दिसला, तसंच प्रशिक्षण घेतलेल्या पालकांनी दिलेले उपचार आणि तज्ज्ञांनी दिलेले उपचार यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ऐकलेलं न समजण्याच्या अडचणींबाबत मात्र पुरावा तोकडाच होता. म्हणून निदान तज्ज्ञांनी करावं, त्याआधी कान तपासून घ्यावेत आणि रोजचा खेळ शिकवून दिल्याप्रमाणे घरात नि वर्गात चालावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांची एकदा तपासणी ठरलेली आहे; श्रवणदोष आणि भाषाविकासातला विलंब दोन्ही त्यात येतात. तपासणीचं पथक येईल त्या दिवशी वर्गातल्या ‘बोबड्या’ आणि ‘गप्प’ मुलांची नावं शिक्षकांनी स्वतःहून पुढे करावीत.