‘शोकांतिका’ आणि ‘शोकात्मिका’ : दोन संज्ञांचा विचार

मराठी नाट्यसमीक्षेत ‘ट्रॅजेडी’ या पाश्चात्त्य संज्ञेसाठी ‘शोकांतिका’ व ‘शोकात्मिका’ असे दोन पर्याय रूढ आहेत. पुष्कळदा ते समानार्थी म्हणून योजले जातात. वस्तुतः त्यांतून या नाट्यप्रकाराविषयीच्या दोन भिन्न धारणा व्यक्त होतात.

‘शोकांतिका’ या शब्दातील ‘अंत’ हे पद नाटकाच्या शेवटाकडे निर्देश करते. ‘शोकात्मिका’ या शब्दाने शोक हा नाटकाचा आत्मा ठरतो. साहजिकच तो कथानकाच्या घडणीत प्रारंभापासून असावा, अशी अपेक्षा निर्माण होते.

ग्रीक परंपरेच्या संदर्भात पहिली संज्ञा अपुरी पडते. युरिपिडीसच्या ‘इफिजिनिया इन टॉरिस’चा शेवट सुटकेत, तर ईस्किलसच्या ‘ऑरेस्टिया’ या नाट्यत्रयीचा (इ. स. पूर्व ४५८) समेटात होतो. तरीही या कृती ट्रॅजेडीतच गणल्या गेल्या. अॅरिस्टॉटलने दुःखद शेवटाची प्रशंसा केली असली, तरी त्याच्या व्याख्येत शेवटाचा उल्लेख नाही. गंभीर कृतीची अनुकृती आणि करुणा व भय यांच्याद्वारे होणारे विरेचन यांवर तिचा भर आहे.

संज्ञेची निवड कलाकृतीच्या आकलनावर परिणाम करते. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ (१९१९) शोकांतिका म्हणून वाचल्यास सिंधूचा मृत्यू व सुधाकराचे विषप्राशन यांवर लक्ष केंद्रित होते आणि नाटक मद्यपाननिषेधाचा दाखला बनते. शोकात्मिका म्हणून वाचल्यास सुधाकराचा मानी स्वभाव मध्यवर्ती ठरतो. ज्या मानीपणात त्याचे मोठेपण आहे, त्यामुळेच न्यायालयातील अपमान त्याला असह्य होतो व तो पहिल्या प्याल्याकडे वळतो. तळीरामाच्या विनोदी प्रवेशांनी हा शोक उणावतो की गडद होतो, हा प्रश्नही याच वाचनातून उद्भवतो.

तथापि दुसरी संज्ञाही निर्दोष नाही. भरताच्या रसविचारात शोक हा करुणरसाचा स्थायी भाव आहे. भय हा भयानकाचा. ‘शोकात्मिका’ म्हणताच अॅरिस्टॉटलला अभिप्रेत असलेले भय दृष्टीआड होण्याचा संभव असतो. सुधाकराविषयी केवळ कणव वाटून भागत नाही. त्याच्यासारख्या गुणी माणसाचीही अशी गत होऊ शकते, ही धास्ती त्या अनुभवाचा अविभाज्य भाग आहे. म्हणून ‘शोकात्मिका’ ही संज्ञा अधिक व्यापक मानून स्वीकारताना तिच्या अर्थात भयाचाही अंतर्भाव करणे आवश्यक आहे.