चौदा ग्रॅम वाफ

फ्रिजमधलं १५० ग्रॅम दूध घरच्या एस्प्रेसो मशीनच्या वाफेने ६० अंशांपर्यंत तापवायला किती वाफ लागत असेल? हिशेब मांडला तेव्हा माझा विश्वासच बसेना. जेमतेम १४ ग्रॅम. तीन छोटे चमचे पाणी!

एवढ्याशा पाण्यात इतकी धग येते कुठून? उत्तर शाळेच्या पुस्तकातच आहे: अप्रकट उष्मा. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात, आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. पारा जागचा हलत नाही, उष्णता मात्र आत मुरत राहते. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकात ही दडलेली उष्णता ओळखली. गार दुधाला भिडताच वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते सगळं घबाड दुधात रितं होतं. मोदकपात्रातले उकडीचे मोदक शिजतात तेही याच देण्यावर.

म्हणून ‘वाफेला जोर नाही’ असं कुणी म्हटलं की मी आधी उष्णता कुठे अडली ते शोधते. काही घरगुती मशीनमध्ये बॉयलर अवघा १०० मिलिलिटरचा असतो. वाफेचं बटण दाबल्यावर त्यातलं पाणी १२५-१३० अंशांपर्यंत चढतं, पण दाबाखाली असल्यामुळे पाणीच राहतं. कॉक उघडला की दाब उतरतो आणि ते स्वतःच्याच उष्णतेवर उकळू लागतं! लग्नाच्या हॉलमधला कॉफीवाला कपामागून कप फेसाळत राहतो, कारण त्याच्या मशीनच्या पोटात काही लिटर पाणी असतं. आपल्या १०० मिलिलिटरमधली शिल्लक चार ग्रॅम वाफेतच संपते. उरलेली दहा ग्रॅम हीटरने तेव्हाच्या तेव्हा करायची, आणि हजार वॅटचा हीटर सेकंदाला अर्धा ग्रॅमही वाफ करू शकत नाही.

त्यामुळे वेळ साधणं फार महत्त्वाचं. ‘तयार’चा दिवा लागतो तेव्हा थर्मोस्टॅटने हीटर बंद केलेला असतो. त्या क्षणी दूध धरलं तर सुरुवातीला जोर आणि मग नुसती फुसफुस. दिवा लागायच्या आठ-दहा सेकंद आधी कॉक उघडा. बॉयलर निवू लागतो, हीटर चालूच राहतो आणि वाफ शेवटपर्यंत टिकते. सुरुवातीचे पाण्याचे थेंब मात्र रिकाम्या कपात सोडून द्या.

वाफ पहिल्यापासूनच मरगळलेली असेल तर दुखणं वेगळं. नळीचं टोक काढून, दूर धरून बघा. टोकाविना जोर आला तर भोकं बुजलेली आहेत. ती का बुजतात हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. कॉक बंद होताच नळीत उरलेल्या वाफेचं पाणी होतं. वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा व्यापते, म्हणून ती आक्रसली की नळीत पोकळी होते आणि दूध वर ओढलं जातं. तिथेच, तापलेल्या धातूवर, ते सुकून बसतं. दूध बाजूला केल्याबरोबर नळी ओल्या फडक्याने पुसायची आणि क्षणभर वाफ सोडायची, एवढ्यावर हे टळतं. बुजलेलं टोक मात्र गरम पाण्यात भिजवून सुईनेच मोकळं करावं लागतं.

बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षारांकडेही बघा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियमच्या या क्षारांचं उलटं, पाणी तापलं की ते बाहेर पडतात. हीटरवर थर चढतो, वाटा अरुंद होतात. मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेल्या द्रावणानेच ते काढा, कारण ॲल्युमिनियमच्या बॉयलरला वाटेल ते आम्ल चालत नाही.

चांगली वाफ ओळखायची खूणही सुंदर आहे. खरी वाफ दिसतच नाही. पांढरं दिसतं ते पाण्याच्या बारीक थेंबांचं धुकं. टोकाला लागून थोडं अंतर स्वच्छ, रिकामं दिसलं आणि धुकं त्यापुढे सुरू झालं, की वाफ कोरडी आहे असं समजा.

उद्या दूध तापवण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवून बघा. १५० चं १६४ ग्रॅमच्या आसपास झालं तर वाफ उत्तम. १७५ च्या पुढे गेलं तर तुमच्या कपात वाफेऐवजी पाणी येतंय.