लघुरेणूंचा नवा शोध आणि वैद्याची नोंदवही

आयुर्वेद द्रव्याचा विचार रस, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव यांच्या आधारे करतो. आधुनिक औषधनिर्मितीची वाट निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फीन वेगळे काढले गेले, तेव्हापासून द्रव्यातील नेमका कोणता रेणू कार्य करतो हे शोधून तो शुद्ध स्वरूपात देण्याकडे तिचा कल राहिला आहे. ज्यांचा रेणुभार साधारणतः पाचशे डाल्टनच्या आत असतो अशा रेणूंना लघुरेणू म्हणतात. अ‍ॅस्पिरिनचा रेणुभार १८० आहे. आपल्याकडे येणारे रुग्ण रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या ज्या गोळ्या खिशात घेऊन येतात, त्यांपैकी बहुतेक लघुरेणूच होत.

असे रेणू शोधण्याच्या पद्धती गेल्या काही वर्षांत फार बदलल्या आहेत. या बदलाशी चिकित्सक वैद्याचा आणि औषधी दुकानदाराचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर दोन वनस्पतींच्या आधारे शोधावयाचे आहे. पहिली कोल्हापूरच्या सह्याद्रीतला नरक्या, दुसरी आपल्या परिचयाची सर्पगंधा.

नरक्याची कथा

डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेत गेले. तेथे त्या काळी राष्ट्रीय कर्करोग संस्थेने जगभरातील वनस्पतींचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासून पाहण्याचा मोठा उपक्रम चालविला होता. डॉ. मन्रो वॉल आणि डॉ. वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून ‘कॅम्प्टोथेसिन’ हा रेणू वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९७१ मध्ये याच जोडीने टॅक्सॉलची रचना जगापुढे मांडली.

यानंतर ही कथा आपल्या डोंगरात येते. मुंबईतील गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात डॉ. गोविंदाचारी व डॉ. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, पश्चिम घाटातील नरक्यातही कॅम्प्टोथेसिन आहे आणि ते लक्षणीय प्रमाणात आहे. हा उग्र वासाचा लहान वृक्ष राधानगरी, आंबा, गगनबावडा या पट्ट्यातील दाट जंगलात आढळतो. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’ असे आहे.

रेणू सापडला म्हणजे औषध सापडले असे मात्र झाले नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचे सोडियमयुक्त रूप करून १९७०च्या दशकाच्या आरंभी ते रुग्णांना देण्यात आले. त्या रूपात रेणूतील एक महत्त्वाचे वलय उघडते आणि त्याचे कार्य मंदावते. मूत्राच्या अम्लतेत तेच वलय पुन्हा मिटते आणि मूत्राशयाला तीव्र दाह होऊन रक्तस्राव होतो. अस्थिमज्जेवरही गंभीर परिणाम दिसले आणि चाचण्या थांबल्या.

पुढील दार १९८५ मध्ये उघडले. पेशीतील डीएनएचा पीळ सोडविण्यासाठी ‘टोपोआयसोमरेज-१’ नावाचे विकर त्याचा एक धागा क्षणभर तोडते व पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या तुटलेल्या अवस्थेत अडकून बसते व जोडणी होऊ देत नाही, हे सिद्ध झाले. कार्यस्थान कळल्यावर रेणूत हेतुपूर्वक बदल करता आले. त्यातून टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे तयार झाली आणि अमेरिकेत १९९६ मध्ये दोहोंना मान्यता मिळाली. इरिनोटेकान स्वतः फारसे कार्य करीत नाही. त्याचे खरे कार्यकारी रूप शरीरातील, विशेषतः यकृतातील, विकरांच्या क्रियेने तयार होते.

याच कुळातील रेणू आता प्रतिपिंडांना जोडून दिले जातात. प्रतिपिंड कर्कपेशीवरील विशिष्ट खूण ओळखतो, पेशीत शिरतो आणि रेणू आत सोडतो. स्तनाच्या कर्करोगासाठी २०१९ मध्ये मान्यता मिळालेल्या अशा एका औषधात प्रत्येक प्रतिपिंडामागे सुमारे आठ रेणू बसविलेले असतात. आपल्याला योगवाही द्रव्यांची आठवण होईल, परंतु साम्य तेवढ्यापुरतेच समजावे.

या प्रगतीची किंमत जंगलाने मोजली. मूळ द्रव्यासाठी नरक्याची तोड झाली आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या सह्याद्रीतून त्याची चोरटी वाहतूकही झाली. म्हणून पर्यायांचा शोध सुरू झाला. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नरक्याच्या पेशींच्या ऊतिसंवर्धनावर काम केले. जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ मध्ये नरक्याच्याच शरीरात राहणारी एक बुरशी कॅम्प्टोथेसिन तयार करते असे दाखविले. अशा बुरशी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढविल्या की उत्पादन घटत जाते, ही अडचण आहे. तथापि दिशा योग्य आहे. सदाफुलीतील विनब्लास्टिनचे पूर्वघटक २०२२ मध्ये यीस्टमध्ये तयार करता आले, हेही याच दिशेचे पाऊल होय.

सर्पगंधेची उलटी वाट

नरक्याच्या बाबतीत आधी अर्क, मग रेणू आणि शेवटी रुग्ण असा क्रम होता. सर्पगंधेचा क्रम याच्या उलट आहे. निद्रानाश आणि उन्माद यांत ती आपल्या देशात परंपरेने वापरली जात होती. कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व उच्च रक्तदाबातील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरील पद्धतशीर निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून ‘रेसर्पीन’ वेगळे केले. डॉ. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रेसर्पीनचा रेणुभार सुमारे ६०९ आहे. तोंडावाटे घेण्याच्या औषधासाठी ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये जे निकष मांडले, त्यांतील पाचशेची मर्यादा तो ओलांडतो. केवळ वजनाच्या चाळणीने निवड झाली असती, तर हा रेणू कदाचित मागे पडला असता. त्याला पुढे आणले ते रुग्णांच्या नोंदींनी.

मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांनी याच क्रमाला पद्धतीचे रूप दिले व तिला ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ म्हणजे ‘प्रतिलोम औषधविज्ञान’ असे म्हटले जाते. प्रथम चिकित्सकांच्या अनुभवाची काटेकोर नोंद, नंतर मर्यादित रुग्णांवर मात्रा व सुरक्षिततेचा शोध आणि शेवटी प्रयोगशाळेत कार्यपद्धतीचा अभ्यास, असे तिचे तीन टप्पे आहेत. सुरुवात रुग्णशय्येपासून होते, म्हणून वैद्याला तिच्यात पहिले स्थान आहे.

अनुभवाची परीक्षा कठोर असू शकते, हेही विसरू नये. मेदोरोगाच्या ग्रंथोक्त वर्णनावरून गुग्गुळाचे संशोधन सुरू झाले आणि त्यातून भारतात रक्तातील मेद कमी करणारे औषध आले. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवड्यांच्या चाचणीत मात्र गुग्गुळाच्या अर्काने घातक कोलेस्टेरॉल कमी न होता किंचित वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. वापरलेला अर्क, रुग्णांची निवड, आहार यांवर वाद घालता येईल. परंतु वाद घालण्यासाठीही आपल्या हाती आकडे असावे लागतात.

संगणकाचा प्रवेश

आता नव्या पद्धतींकडे वळू. एका पद्धतीत प्रत्येक रेणूला डीएनएची छोटी ओळखचिठ्ठी जोडतात. त्यामुळे कोट्यवधी रेणू एकाच नळीत ठेवून, कोणता रेणू लक्ष्य-प्रथिनाला चिकटला हे चिठ्ठी वाचून कळते. दुसऱ्या पद्धतीत प्रथिनाच्या घडणीचा अंदाज संगणक बांधतो. या कामासाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना, नव्या प्रथिनांच्या रचनेसाठी डेव्हिड बेकर यांच्याबरोबर, २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिसऱ्या प्रकारात कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच नवे रेणू सुचविते. फुप्फुसाच्या एका तंतुमय विकारासाठी अशा रीतीने घडविलेल्या ‘रेंटोसर्टिब’ची ७१ रुग्णांवरील १२ आठवड्यांची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, पण मोठ्या चाचण्यांची कसोटी त्यापुढे उभी आहे.

आपल्या वनस्पतीही संगणकात पोहोचल्या आहेत. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने तयार केलेल्या ‘इम्पॅट’ या संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० भारतीय औषधी वनस्पती व १७,९६७ रेणूंची माहिती आहे. मात्र वनस्पतीत काय आहे हे अशा संग्रहातून कळते. ती कोणत्या प्रकृतीच्या रुग्णाला, कोणत्या अनुपानासह, किती दिवस दिली आणि काय घडले, हे कळत नाही. ती माहिती गावोगावच्या चिकित्सालयांत आहे आणि बहुतांशी अलिखित आहे.

आपल्या हातातील काम

कबनूर-इचलकरंजीच्या यंत्रमाग पट्ट्याचेच उदाहरण घेऊ. रात्रपाळी करणाऱ्या कामगाराची निद्रानाशाची तक्रार किंवा सुताच्या धुळीने चिघळणारा कास ही कोणत्याही महानगरी संशोधन केंद्राला सहज न मिळणारी रुग्णसंपदा आहे. तिचे मोल नोंदीवर अवलंबून आहे. द्रव्याचे शास्त्रीय नाव व वापरलेले अंग, कल्पना, मात्रा, अनुपान व काळ, रुग्णाची प्रकृती, सोबत चालू असलेली आधुनिक औषधे, उपचारापूर्वीचे व नंतरचे मोजमाप, आणि गुण न आलेले रुग्णही, एवढे नियमाने लिहिले तरी पुष्कळ झाले. दुष्परिणाम दिसल्यास तो आयुष औषधांच्या राष्ट्रीय दक्षता योजनेकडे कळवावा. नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे समन्वयन करते.

औषधी दुकानदारांची जबाबदारी तेवढीच मोठी आहे. सर्पगंधेच्या नावाखाली तिच्याच कुळातील दुसऱ्या जातीची मुळे बाजारात येतात. द्रव्य चुकीचे असेल, तर वैद्याची नोंद कितीही प्रामाणिक असली तरी निरर्थक ठरते. म्हणून प्रत्येक खरेदीतील थोडा नमुना, तारीख व पुरवठादाराच्या नावासह, जपून ठेवावा आणि शंका आल्यास वनस्पतीतज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी.

नरक्याविषयी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ‘कर्करोगावरचे झाड’ म्हणून त्याची साल वा भुकटी कोणी दुकानात आणून दिली, तर ती घेऊ नये आणि कोणत्याही रुग्णाला देऊ नये. शुद्ध केलेला, मोजलेला रेणूसुद्धा १९७०च्या दशकात रुग्णांना सोसला नाही. कच्च्या सालीतील अनिश्चित मात्रा धोक्याचीच आहे आणि अशी खरेदी जंगलतोडीला हातभार लावते.

त्याचप्रमाणे कर्करोगाची आधुनिक चिकित्सा घेत असलेला रुग्ण आपल्याकडे आला, तर औषधांची यादी पाहिल्याखेरीज काहीही देऊ नये. ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही युरोपीय वनौषधी सोबत घेतल्याने इरिनोटेकानच्या कार्यकारी रूपाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ मध्ये दिसून आले होते. आपल्या वनौषधींबाबतही अशी शक्यता गृहीत धरून चालावे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा.

लघुरेणूंच्या नव्या शोधात संगणक, बुरशी आणि प्रतिपिंड आपापले काम करतील. रुग्णाचे अवलोकन आणि द्रव्याची अचूक ओळख ही दोन कामे आपली आहेत. संघटनेच्या प्रत्येक सभासदाने एक व्याधी आणि एक द्रव्य निवडून वर्षभर पद्धतशीर नोंद ठेवली, तर पुढील वर्षी त्या नोंदी एकत्र करून त्यांवर चर्चा करणे सहज शक्य होईल.