लाल मानेचा फॅलरोप

लाल मानेचा फॅलरोप (शास्त्रीय नाव: फॅलॅरोपस लोबॅटस) हा तुतवार कुळातील, सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा स्थलांतरित पक्षी आहे. कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तुतवार, चिखल्या यांसारखे त्याचे आप्त किनाऱ्यावरील चिखलात अन्न शोधतात. हा पक्षी मात्र हिवाळा खुल्या समुद्रात काढतो. त्यामुळे कोकण किनाऱ्यापासून दूर गेलेल्या नौकेवरून तो दिसल्यास निरीक्षक गोंधळात पडतो.

शरीररचना व आहार

त्याच्या पायांच्या बोटांना पाळीसारखे पडदे असतात. ‘लोबॅटस’ या नावाचा अर्थही ‘पाळीयुक्त’ असाच आहे. पोटाकडील दाट पिसांत हवा साठत असल्याने तो बुचाप्रमाणे पाण्यावर उंच तरंगतो. तो जागच्या जागी भराभर गिरक्या घेतो. त्यामुळे खालचे पाणी वर ओढले जाते आणि त्यासोबत सूक्ष्म जलचर पृष्ठभागी येतात. चोचीत पकडलेला पाण्याचा थेंब पृष्ठताणाच्या साहाय्याने भक्ष्यासह तोंडाकडे सरकतो.

प्रजनन व स्थलांतर

उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशात त्याची वीण होते. मादी नरापेक्षा अधिक रंगीत असते. अंडी उबवणे व पिलांचा सांभाळ ही कामे नर करतो. स्कँडिनेव्हियातील पक्षी हिवाळ्यासाठी अरबी समुद्रात येतात. स्कॉटलंडच्या शेटलँड बेटांवर २०१२ मध्ये उपकरण बसवलेला एक पक्षी मात्र अटलांटिक ओलांडून पेरू व इक्वेडोरलगतच्या प्रशांत महासागरात गेल्याचे आढळले. स्थलांतराच्या काळात हा पक्षी अंतर्भागातील जलाशयांवरही उतरतो.

नौकेवरून ओळख

मानेवरील लाल रंग केवळ विणीच्या हंगामात असतो. हिवाळ्यात पक्षी वरून राखाडी व खालून पांढरा दिसतो, म्हणून नावावरून शोध घेणारा फसतो. या काळात पुढील खुणा उपयोगी पडतात:

* डोळ्यामागे ठळक काळा पट्टा
* सुईसारखी बारीक, काळी चोच
* पाठीवर फिकट रेघा
* उडताना पंखावर दिसणारी पांढरी पट्टी

राखाडी फॅलरोपची चोच जाड व पाठ एकरंगी फिकट राखाडी असते. कुरव आकाराने बरेच मोठे असतात, तर सुरय पाण्यावर क्वचितच बसतात. वादळी पेट्रेल गडद रंगाचा असून त्याच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो. हलत्या नौकेवरून एकाच खुणेवर विसंबणे धोक्याचे असते. रंगापेक्षा आकार, बसण्याची ढब आणि हालचाल अधिक विश्वासार्ह ठरतात. छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, स्थान व थव्यातील संख्या नोंदवल्यास ओळख नंतर पडताळता येते.

नोंदींचे महत्त्व

कॅनडा व अमेरिका यांच्या सीमेवरील फंडीच्या उपसागराच्या मुखाशी १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या पक्ष्यांचे लाखोंचे थवे स्थलांतराच्या वेळी जमत. त्या दशकाच्या अखेरीस ते तेथून जवळजवळ नाहीसे झाले. ते पक्षी मेले की त्यांनी मार्ग बदलला, याचा निश्चित उलगडा झालेला नाही. खुल्या समुद्रात नियमित पक्षीगणना करणे कठीण असते. म्हणूनच मासेमारी वा प्रवासी नौकेवरून केलेली एखादी काटेकोर नोंदही या प्रजातीच्या अभ्यासात मोलाची ठरते.