साहेबांचा माणूस आणि माफीची सही

एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणाऱ्यांना राज्यघटनेचं कलम ७२ तोंडपाठ असतं. राष्ट्रपती शिक्षा माफ करू शकतात, कमी करू शकतात, पुढे ढकलू शकतात, तिचं स्वरूप बदलू शकतात. योग्य पर्याय निवडा आणि पुढचा प्रश्न घ्या! पण समजा, शिक्षा झालेला माणूस माफी देणाऱ्याच्याच वर्तुळातला असेल तर? आणि तो ज्या प्रकरणात खोटं बोलला, ते प्रकरणच साहेबांच्या ऑफिसपर्यंत जात असेल तर? हा प्रश्न कुठल्या गाइडमध्ये सापडत नाही. अमेरिकेत मात्र २००७ साली तो खराखुरा उभा राहिला.

तेव्हा अध्यक्ष होते जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि उपाध्यक्ष डिक चेनी. चेनींचे चीफ ऑफ स्टाफ होते लुईस लिबी. सगळे त्यांना 'स्कूटर' या टोपणनावानेच ओळखायचे. नाव गमतीशीर, पण वजन मोठं. चेनींपर्यंत पोहोचायचं तर लिबींवरूनच जावं लागायचं.

एक लेख आणि एक नाव

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. त्याआधी बुश यांनी देशाला सांगितलं होतं, की सद्दाम हुसेन आफ्रिकेतून युरेनियम मिळवायच्या प्रयत्नात आहे. ६ जुलै २००३ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जोसेफ विल्सन या माजी राजदूतांचा लेख आला. याच गोष्टीची शहानिशा करायला सीआयएने त्यांना २००२ मध्ये नायजरला पाठवलं होतं आणि त्यांना तिथे तसं काही आढळलं नव्हतं. थोडक्यात, युद्धासाठी दिलेलं एक कारणच पोकळ आहे, असं ते जाहीरपणे म्हणत होते.

आठवडाभरात, १४ जुलैला, रॉबर्ट नोव्हाक या स्तंभलेखकाने लिहिलं, की विल्सन यांची पत्नी व्हॅलरी प्लेम सीआयएत काम करते. प्लेम यांची ही ओळख गुप्त होती. एका वाक्यात त्यांचं करिअर संपलं. गुप्त अधिकाऱ्याचं नाव जाणूनबुजून फोडणं हा अमेरिकेत गुन्हा आहे. मग नाव फोडलं कोणी? नवऱ्याने तोंड उघडलं म्हणून बायकोचा बळी दिला का? डिसेंबर २००३ मध्ये पॅट्रिक फिट्झगेराल्ड या सरकारी वकिलाकडे तपास सोपवला गेला.

डोळ्यात धूळ

लिबींनी तपासात सांगितलं, की प्लेम यांच्याबद्दल आपल्याला एनबीसीचे पत्रकार टिम रसर्ट यांच्याकडून कळलं. रसर्ट यांनी कोर्टात साफ सांगितलं, आमचं असं बोलणंच झालं नव्हतं. शिवाय लिबींच्या स्वतःच्याच टिपणांवरून दिसत होतं, की ही माहिती त्यांना आधीच, जून २००३ मध्ये, मिळाली होती. देणारे होते खुद्द चेनी.

आता यातली मेख बघा. नोव्हाकना नाव पहिल्यांदा सांगणारे लिबी नव्हतेच. ते होते परराष्ट्र खात्यातले रिचर्ड आर्मिटेज. त्यांनी ते पुढे कबूलही केलं. पण त्यांच्यावर खटला झाला नाही. नाव फोडल्याबद्दल कोणावरच झाला नाही. लिबींवर खटला झाला तो तपासात खोटं बोलल्याचा. त्यामुळे 'चोर सोडून संन्याशाला फाशी' असा त्यांच्या समर्थकांचा सूर होता.

फिट्झगेराल्ड यांचं उत्तर साधं होतं. अंपायरच्या डोळ्यातच कोणी वाळू फेकली, तर मैदानात नेमकं काय झालं हे तो सांगणार कसं? शपथेवर खोटं बोलणं हा मूळ गुन्ह्याहून लहान गुन्हा वाटतो खरा. पण त्यामुळे मूळ गुन्हा झाला की नाही, हेच कळेनासं होतं.

६ मार्च २००७ रोजी ज्युरीने लिबींना पाचपैकी चार आरोपांत दोषी ठरवलं. जूनमध्ये शिक्षा झाली: ३० महिने तुरुंगवास, अडीच लाख डॉलर दंड आणि सुटकेनंतर दोन वर्षं देखरेख. शिक्षा देणारे न्यायाधीश रेगी वॉल्टन यांची नेमणूक खुद्द बुश यांनीच केलेली होती.

अर्धी माफी

२ जुलै २००७. अपील चालू असेपर्यंत तुरुंगाबाहेर राहू द्या, ही लिबींची विनंती वरच्या कोर्टाने फेटाळली. त्याच दिवशी, काही तासांत, बुश यांची सही झाली. शिक्षा फारच जड आहे, असं म्हणत त्यांनी तुरुंगवास पूर्ण काढून टाकला. दंड, देखरेख आणि दोषी असल्याचा शिक्का मात्र कायम ठेवला. लिबी एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत.

शिक्षा खरंच जड होती का? केंद्रीय नियमावलीनुसार ती ३० ते ३७ महिन्यांच्या पट्ट्यात बसत होती, म्हणजे त्यातली सगळ्यात कमी. आणि याच्या फक्त ११ दिवस आधी, २१ जूनला, सुप्रीम कोर्टाने अशाच एका खटल्यात ३३ महिन्यांची शिक्षा कायम केली होती. तो आरोपी दोन युद्धं पाहिलेला माजी सैनिक होता. गुन्हा तोच, शपथेवर खोटं बोलण्याचा. सैन्यातली सेवा आणि तब्येत बघून शिक्षा कमी करा, असं त्याचं म्हणणं होतं. बुश यांच्याच सरकारच्या वकिलांनी त्याला विरोध केला आणि ते जिंकले. त्याच्यासाठी कोणी सही केली नाही.

एरवी माफीची रांग मोठी असते. न्याय खात्यात त्यासाठी वेगळं कार्यालय आहे. तिथे अर्ज करायचा, छाननी होते, वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. बुश यांनी आठ वर्षांत फक्त ११ जणांची शिक्षा कमी केली. लिबी त्यातले एक, आणि तेही या रांगेत उभं न राहता.

मग पूर्ण माफी का नाही दिली? एक बाजू म्हणते, बुश यांनी मधला मार्ग काढला. दुसरी बाजू एका कायदेशीर बारकाव्याकडे बोट दाखवते. पूर्ण माफी मिळाली, की त्या प्रकरणात आपण अडकू ही भीती संपते, आणि भीती संपली की गप्प बसायचा हक्कही उरत नाही. मग संसदेची समिती बोलावून विचारू शकते, 'आता सांगा, ऑफिसात काय शिजत होतं?' शिक्षा फक्त कमी झाली आणि अपील चालू राहिलं, तर मात्र 'मी बोलणार नाही' असं म्हणता येतं. साप मेला, काठीही तुटली नाही! बुश यांच्या मनात हेच होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण परिणाम तोच झाला.

हेही नोंदवायला हवं, की जानेवारी २००९ मध्ये जाता जाता पूर्ण माफी द्या म्हणून चेनींनी खूप आग्रह धरला आणि बुश यांनी ठाम नकार दिला. दोघांत त्यावरून तणाव आला. पूर्ण माफी अखेर १३ एप्रिल २०१८ रोजी आली, डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडून.

मग आले रॉजर स्टोन

ट्रम्प यांचे जुने राजकीय सल्लागार रॉजर स्टोन २०१९ मध्ये सात आरोपांत दोषी ठरले. संसदेशी खोटं बोलणं, साक्षीदाराला धमकावणं वगैरे. शिक्षा ४० महिने. न्यायाधीश एमी बर्मन जॅक्सन यांनी शिक्षा सुनावताना म्हटलं, की हा खटला अध्यक्षांची बाजू घेतली म्हणून नाही, त्यांच्यासाठी सत्य झाकलं म्हणून आहे. तुरुंगात हजर व्हायला चार दिवस असताना, १० जुलै २०२० ला, ट्रम्प यांनी तुरुंगवास रद्द केला. डिसेंबरमध्ये पूर्ण माफीही देऊन टाकली. म्हणजे लिबींच्या वेळी दोन अध्यक्ष आणि ११ वर्षं लागली, ते इथे एकाच अध्यक्षाने सहा महिन्यांत उरकलं.

ही भीती नवी नाही. १७८८ मध्ये अमेरिकेच्या घटनेवर व्हर्जिनियात चर्चा चालू असताना जॉर्ज मेसन यांनी नेमकं हेच विचारलं होतं. अध्यक्षाने स्वतःच सांगून करवलेला गुन्हा त्याने माफ केला तर? जेम्स मॅडिसन यांचं उत्तर होतं, संशय आला तर संसद त्याच्यावर महाभियोग चालवेल. पण संसदेत अध्यक्षाचे पाठीराखे पुरेसे असले, तर काय? २३० वर्षं उलटून गेली तरी याचं उत्तर मिळालेलं नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे राष्ट्रपती (कलम ७२) आणि राज्यपाल (कलम १६१) स्वतःच्या मर्जीने माफी देत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने देतात. म्हणून आपण सुरक्षित? थांबा. २००५ मध्ये आंध्र प्रदेशात खुनाच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या एका काँग्रेस कार्यकर्त्याची उरलेली शिक्षा राज्यपालांनी माफ केली. तेव्हा राज्यपाल होते आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. त्यासाठी तयार झालेल्या सरकारी अहवालात तो 'चांगला काँग्रेस कार्यकर्ता' असल्याचा उल्लेख होता! ऑक्टोबर २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती माफी रद्द केली. धर्म, जात किंवा राजकीय निष्ठा बघून माफी देता येणार नाही, असं बजावलं. फरक इथे आहे. अमेरिकेत अध्यक्षांच्या माफीला कोर्टाची चाळणी जवळजवळ नाहीच. आपल्याकडे आहे, मर्यादित का होईना. पण तीही कोणीतरी कोर्टात गेलं तरच. आंध्रात मारल्या गेलेल्या माणसाचा मुलगा गेला होता.

माफीचा अधिकारच नको, असं कोणी म्हणेल. ते चुकीचं ठरेल. कोर्टही चुकतं, कायदा कधीकधी आंधळा असतो, आणि फाशीच्या दोराखाली उभ्या असलेल्या माणसासाठी शेवटचं दार उघडं असायलाच हवं. प्रश्न दाराचा नाही, ते कोणासाठी उघडतं याचा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी माफीची बातमी वाचाल, तेव्हा दोन गोष्टी तपासा. हाच गुन्हा केलेल्या, पण साहेबांशी ओळख नसलेल्या माणसाचं काय झालं? आणि माफी मिळालेला माणूस आता बोलायला मोकळा झाला, की गप्प राहायला?