नव्या घराची परीक्षा

नवे घर पाहायला जायचे म्हणजे केवढी मौज! ताज्या रंगाचा वास, चकचकीत फरशी, रिकाम्या खोल्यांत घुमणारा आपलाच आवाज! 'ही खिडकीजवळची जागा माझी' असे म्हणून तुम्ही मोकळे होता. आईबाबा मात्र जरा गप्प असतात. का बरे? कारण आजवर साठवलेला पैसा आणि पुढची पंधरा-वीस वर्षे फेडायचे कर्ज ते या चार भिंतींत घालणार असतात. घेतलेली छत्री गळकी निघाली तर दुकानदाराला परत देता येते. घराचे तसे नसते.

आणि गंमत पाहा, कलिंगड घेताना आपण ते बोटांनी वाजवून पाहतो. घर घेताना मात्र पुष्कळ माणसे नुसता रंग आणि नक्षी पाहून परत येतात. घराची परीक्षा घेण्यासाठी इंजिनिअरच व्हायला हवे असे नाही. शाळेत शिकलेले विज्ञान त्यासाठी बरेचसे पुरते. दप्तरात एवढ्या वस्तू टाका: दोरा, एक जड नट, मोजपट्टी, आठ-दहा मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, खडू, उदबत्ती, सेकंद दाखवणारे घड्याळ, होकायंत्र आणि एक वही. बादली तिथे मिळेलच. चला तर!

गवंड्याची हत्यारे

दोऱ्याच्या टोकाला नट बांधा. झाला तुमचा ओळंबा! गुरुत्वाकर्षणामुळे दोरा अगदी उभा राहतो. तो भिंतीपासून थोडा दूर धरा आणि दोऱ्यापासून भिंतीचे अंतर वर व खाली मोजा. दोन्ही अंतरे सारखी असतील तर भिंत सरळ आहे.

आता नळीत पाणी भरा. हवेचे बुडबुडे मात्र राहू देऊ नका. नळीचे एक टोक खोलीच्या एका कोपऱ्यात मित्राला धरायला सांगा, दुसरे तुम्ही समोरच्या कोपऱ्यात धरा. दोन्ही टोकांतील पाण्याची पातळी एकच असते. तिथे खडूने खुणा करा आणि प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. जिथे अंतर जास्त तिथे फरशी खाली. बैठकीच्या खोलीत फारसा फरक नको. न्हाणीघरात मात्र जाळीच्या दिशेने उतार हवाच. तिथे एक तांब्या पाणी ओता आणि ते कुठे जाते ते पाहा. दाराकडे येऊ लागले तर वहीत नोंद करा.

खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या असून कर्णही सारखे भरले, तर चारही कोपरे काटकोनात आहेत. फरशीवर नाण्याने टकटक करा. ठोस आवाज आला तर खाली सिमेंट नीट भरलेले आहे. पोकळ आवाज आला तर खाली जागा रिकामी राहिली आहे आणि जड कपाट ठेवताच ती फरशी तडकण्याचा संभव आहे.

मोजपट्टी हातात आहेच, तर सर्व खोल्यांचे क्षेत्रफळही काढून ठेवा. आपल्या देशात २०१६ साली स्थावर संपदा कायदा झाला. या कायद्याप्रमाणे घराचे चटई क्षेत्र मोजताना बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. आतल्या भिंतींची जाडी मात्र धरतात. करारातला आकडा आणि तुमचा आकडा जुळतो का, ते बाबांना दाखवा.

भिंत पाणी पिते

एका बशीत शाईचे पाणी घेऊन त्यात खडू उभा करा. थोड्याच वेळात शाई वर चढू लागेल. खडूतील अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढते, यालाच केशाकर्षण म्हणतात. वीट आणि प्लास्टर यांचेही असेच आहे. जोत्यावर ओल अडवणारा थर नीट घातला नसेल, तर जमिनीतले पाणी भिंतीतून वर चढते. भिंत वाळताना पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो, तो हाच. म्हणून भिंतीचा तळ, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंती आणि छताचे कोपरे नीट निरखा. पांढरी भुकटी, फुगलेला रंग किंवा पिवळसर डाग दिसला, तर पाणी कुठून तरी येते आहे हे नक्की.

सिमेंट वाळून घट्ट होते असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते, म्हणूनच गवंडी नव्या बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारतात. घाईगर्दीत पाणी मारायचे राहिले तर प्लास्टर भुसभुशीत राहते. अशा भिंतीवर नाणे घासले की रेती गळते.

प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक चिरांना घाबरू नका. त्या बहुधा सिमेंट आकसल्यामुळे पडतात. परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि रुंद होत जाणारी चीर वेगळी. पाया एका बाजूने खचत असला तर अशी चीर पडू शकते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. महिन्याने चीर खुणेच्या पुढे गेलेली दिसली, तर जाणकार इंजिनिअरला बोलवायलाच हवे.

नळ, बादली आणि घड्याळ

पंधरा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. नव्वद सेकंद लागले तर नळाला मिनिटाला १० लिटर पाणी आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर पाणी हळू येते, असे का? दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या नळापासून जेमतेम तीन मीटर उंच, म्हणून तिथे दाब तिसरा हिस्साही नसतो.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर झाले. इमारतीत किती घरे आहेत आणि टाकी किती घनमीटरची आहे, हे विचारून हिशेब करून पाहा. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर हे तुम्हांला ठाऊक आहेच.

विजेच्या पेटीजवळ मात्र एकटे जाऊ नका आणि कोणतेही बटण उघडून पाहू नका. गळती प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या उपकरणावर तपासणीसाठी 'टी' हे इंग्रजी अक्षर असलेले बटण असते. ते दाबल्याबरोबर वीज बंद व्हायला हवी. ही तपासणी मोठ्यांना करायला सांगा.

ऊन कुठून येते, वारा कुठे जातो

पुणे सुमारे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तिथे दुपारी साडेबारा वाजता सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. त्या वेळी १० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे ९ मीटर पडते. दक्षिणेकडची इमारत याहून जवळ असेल, तर थंडीतले दुपारचे ऊन तुमच्या खालच्या खिडकीत येणारच नाही. उलट मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास भरदुपारी सूर्य ऐन डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जाही पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला मात्र तो पुरत नाही, कारण उतरतीचे ऊन तिरपे येऊन छज्जाखालून सरळ आत शिरते. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि काही तासांनी, म्हणजे नेमके आपण झोपायला गेल्यावर, आत उष्णता सोडते. तेव्हा होकायंत्र काढा आणि झोपायची खोली कोणत्या दिशेला आहे ते पाहा.

खिडक्या उघडून उदबत्ती लावा. धूर सरळ वर गेला तर वारा खेळत नाही. समोरासमोरच्या भिंतींत उघडी जागा असेल, तर धूर एका बाजूने दुसरीकडे वाहताना दिसेल.

आता बाहेर पडा

इथवर घर तपासले. सर्वांत महत्त्वाची परीक्षा मात्र अजून राहिली आहे. ती म्हणजे घर कुठे उभे आहे याची.

सायकलीवर बसा, पायडल मारणे थांबवा आणि ती आपोआप कुठे धावते ते पाहा. वसाहतीतला सर्वांत सखल भाग तुम्हांला सापडेल. पावसाचे पाणीही तिकडेच धावणार. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० कोटी लिटर पाणी होते. पूर्वी त्यातले पुष्कळसे शेतात मुरे. आता जागोजागी डांबर आणि काँक्रीट. मग हे पाणी जाणार कुठून? ओढ्यातूनच! पण ओढा जागेवर आहे का?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा तुम्ही भूगोलात पाहिला असेल. त्यात बारमाही पाणी निळ्या रंगाने आणि पावसाळी ओढे काळ्या रेषांनी दाखवतात. जुना नकाशा घेऊन वसाहतीत फिरा. नकाशात ओढा आहे आणि जागेवर भिंत किंवा वाहनतळ आहे, असे आढळले तर सावध व्हा. ओढा बुजवला तरी जमिनीचा उतार काही बुजत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, सीमाभिंती कोसळल्या, पाणी घरांत शिरले आणि माणसे दगावली. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीकाठची वस्ती अशीच पाण्याखाली गेली.

घर नदीजवळ असेल तर नगरपालिकेत पूररेषा विचारा. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. 'शंभर वर्षांतून एकदा? मग आपल्याला काय भीती!' असे कोणी म्हणेल. त्याला हे गणित करून दाखवा. असा पूर एखाद्या वर्षी न येण्याची शक्यता ०.९९. सलग तीस वर्षे न येण्याची शक्यता काढायची तर ०.९९ ला ०.९९ ने असे तीस वेळा घ्यायचे. उत्तर येते सुमारे ०.७४. म्हणजे तीस वर्षांत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात २६! निळ्या रेषेसाठी हेच गणित ०.९६ घेऊन केले, तर उत्तर येते शंभरात सुमारे ७१. कर्ज फिटायच्या आत पाणी दारात येण्याची शक्यता किती, हे यावरून कळते.

माती पाहायलाही विसरू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीत पाया काळ्या थराच्या खाली, मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला असावा लागतो. 'पाया किती खोल आहे?' हा प्रश्न बांधणाऱ्याला अवश्य विचारा. शेवटी, त्या भागात जुन्या राहणाऱ्या एखाद्या आजोबांना भेटा आणि 'मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत आले होते?' असे विचारा. बहुधा ते हातानेच उंची दाखवतील.

वहीतल्या दोन याद्या

घरी आल्यावर वहीत दोन याद्या करा. पहिलीत दुरुस्त करता येण्यासारखे दोष लिहा: पोकळ फरशी, उलटा उतार, ओल. त्यांपुढे तारीख घाला. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन वर सांगितलेल्या कायद्याने बांधणाऱ्यावर घातले आहे. तेव्हा तुमची वही आईबाबांच्या उपयोगी पडेल.

दुसऱ्या यादीत दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी लिहा: बुजलेला ओढा, पूररेषा, दक्षिणेची उंच इमारत, सखल जागा. फरशी बदलता येते, नळ बदलता येतो, भिंतसुद्धा पाडून पुन्हा बांधता येते. टेकडीचा उतार आणि नदीची वाट मात्र बदलत नाही. म्हणून आईबाबांना पहिली यादी सावकाश दाखवा. दुसरी मात्र पैसे देण्यापूर्वी दाखवा.

नवे घर घ्यायचे नसले तरी काय झाले? सध्या राहता त्याच घराची परीक्षा येत्या रविवारी घेऊन पाहा. किती गुण मिळतात बरे तुमच्या घराला?